४११०३०: सदाशिव पेठेच्या पिनकोडाचे अवयव कसे पाडायचे

मोठी संख्या दिसली की लगेच भागाकार मांडायला बसू नका, आधी तिचे अंक वाचा. सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० घेऊ.

शेवटी शून्य आहे, म्हणून २ आणि ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नेही जातो. ४११०३० ÷ ९ = ४५६७०; त्याला १० ने भागलं की उरतात ४५६७. अंकांची बेरीज ९ आली म्हणून २७ नेही भाग जाईल, असं मात्र धरू नका. ४५६७ ची अंकबेरीज २२, तेव्हा आता ३ नेही भाग जात नाही.

४५६७ मूळ आहे का? ६७ चा वर्ग ४४८९ आणि ६८ चा ४६२४, म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. दोन अवयवांतला लहान अवयव वर्गमुळाच्या पुढे जाऊच शकत नाही. वर्गमूळ नेहमी उरलेल्या संख्येचं काढा. ४११०३० चंच धरून बसलात तर मर्यादा ६४१ येते, आणि तिथवर ११६ मूळ संख्या आहेत!

७, ११, १३ एकदम उरकतात, कारण ७×११×१३ = १००१. शेवटच्या तीन अंकांच्या संख्येतून आधीचा भाग वजा करा: ५६७ − ४ = ५६३. बाकी अनुक्रमे ३, २, ४, तिन्ही बाद. पुढे साधा भागाकारच करावा लागतो. ताळा पाहायला बाक्या: १७→११, १९→७, २३→१३, २९→१४, ३१→१०, ३७→१६, ४१→१६, ४३→९, ४७→८, ५३→९, ५९→२४, ६१→५३, ६७→११. ५१ आणि ५७ मूळ वाटतात, पण ते ३×१७ आणि ३×१९. त्यांच्यावर वेळ घालवू नका. शेवटचा ६७ मात्र सोडू नका.

म्हणजे ४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: २×३×२×२ = २४. ३² ऐवजी नुसता ९ लिहून तो मूळ अवयव धरला, तर १६ असं चुकीचं उत्तर येतं. विभाजकांची बेरीज (१+२)(१+३+९)(१+५)(१+४५६७) = १०,६८,९१२. त्यातून संख्या वजा केली तरी ६,५७,८८२ उरतात, संख्येपेक्षा बरेच जास्त.

स्वतःच्या अंकबेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी 'हर्षद' हे सुंदर नाव दिलं. अंकबेरीज ९ असली की संख्या हर्षद असतेच, त्यामुळे ४११०३० हर्षद आहे. कापरेकर ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले त्याचा पिनकोड ४११००४. अंकबेरीज १०, शेवटी ४, म्हणून तो हर्षद नाही. सरावाला तोच घ्या. ४११ − ४ = ४०७ = ११×३७, म्हणून ११ ने भाग जातो. ४ आणि ११ काढले की ९३४१ उरतात. वर्गमूळ ९६ च्या थोडं पुढे, तेव्हा शेवटची तपासणी ८९ ची, बाकी ८५.