नकाशावरून पुसलेलं गाव पोस्टाच्या नोंदींतून कसं शोधावं: वेस्ट व्हर्जिनिया

जुन्या पाकिटावर गावाचा शिक्का स्पष्ट आहे, पण आजच्या नकाशात ते नाव कुठेच नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या डोंगरांत हे नेहमीचंच. अशा वेळी गावाच्या मागे न लागता पोस्टमास्तर शोधा. एकोणिसाव्या शतकात खेड्यातलं पोस्ट बहुधा पोस्टमास्तरच्या दुकानात नाहीतर राहत्या घरात असे. माणूस बदलला की पोस्ट नव्या माणसाच्या दारात जाई, कधी मैलभर लांबसुद्धा. नाव मात्र तेच.

आधी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, पक्की करा. पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या सरकारी वह्या राज्य, काउंटी, मग पोस्टाचं नाव अशा क्रमाने लावलेल्या आहेत, आणि काउंटी चुकली की पुढचं सगळं वाया. हे राज्य व्हर्जिनियातून २० जून १८६३ रोजी वेगळं झालं; त्याआधीचं काही हवं असेल तर व्हर्जिनियाची पानं उलटा. मेटवान हे गाव आज मिंगो काउंटीत आहे, पण मिंगो १८९५ मध्ये लोगन काउंटीतून निघाली. म्हणजे त्या भागातली त्याआधीची पोस्टं लोगनखाली सापडतील.

मग नॅशनल आर्काइव्हजची (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची) एम ८४१ क्रमांकाची, त्या वह्यांची मायक्रोफिल्म बघा: १८३२ ते १९७१ च्या नेमणुका. पोस्टमास्तरचं नाव, नेमणुकीची तारीख, पोस्टाचं नाव बदललं असल्यास ते, बंद झाल्याची तारीख आणि त्यानंतर टपाल कुठल्या पोस्टाकडे वळवलं, एवढं त्यात मिळतं. हे शेवटचं सोन्यासारखं, कारण ते पोस्ट सहसा जवळचंच असतं. नेमणुकीच्या तारखेला पोस्ट सुरू झालं असं मात्र धरू नका. काही मंजुऱ्या तर पोस्ट उघडण्याआधीच रद्द झाल्या.

जागा नेमकी हवी असेल तर तिथलीच दुसरी मायक्रोफिल्म, एम ११२६. पोस्टमास्तरांनी भरून पाठवलेले हे फॉर्म १८३७ ते १९५० चे आहेत आणि नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट बघता येतात. जवळची नदी, ओढा, पोस्ट ओढ्याच्या कुठल्या बाजूला, शेजारची पोस्टं किती मैलांवर, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. कित्येकांवर हाताने काढलेला कच्चा नकाशाही असतो. एकाच पोस्टाचे दोन-तीन फॉर्म असतील तर सगळे काढा. पोस्ट हललं असेल तर ते तिथेच कळतं.

आता अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेचा (भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा) जुना १:६२,५०० चा नकाशा छापून घ्या, मूळ मापातच. त्यावर एक इंच म्हणजे जवळजवळ एक मैल. शेजारचं पोस्ट चार मैलांवर लिहिलंय? त्या पोस्टावर कंपास टेकवून चार इंचांचं वर्तुळ काढा. दुसऱ्या शेजाऱ्याचंही तसंच. वर्तुळं जिथे छेदतात तिथेच गाव, असं समजणं ही ठरलेली चूक. अंतर बहुधा रस्त्याने मोजलेलं, आणि डोंगरातला रस्ता वळणावळणाचा. वर्तुळ ही बाहेरची हद्द समजा, आत सरका, आणि फॉर्ममधल्या ओढ्याची योग्य बाजू धरा.

नाव जुळत नसेल तर स्पेलिंग तपासा. १८९० नंतर गावाच्या नावाअखेरच्या ‘बर्ग’मधला (burgh) शेवटचा एच बऱ्याच ठिकाणी गळाला. शिवाय एका राज्यात एका नावाचं एकच पोस्ट चालत असल्याने गावाचं नाव एक, पोस्टाचं भलतंच, असंही सापडतं.

आणि पोस्ट बंद झालं म्हणजे गाव उठलं असं नाही. घरपोच ग्रामीण टपाल १ ऑक्टोबर १८९६ ला याच राज्यात, चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला इथून सुरू झालं. टपाल दारात येऊ लागल्यावर छोट्या पोस्टांची गरजच उरली नाही. त्यामुळे १९०० नंतरच्या काही वर्षांतली ‘बंद’ ही नोंद दिसली, तर पुढच्या जनगणनेत तीच कुटुंबं तिथेच आहेत का, ते बघा.