उपनगरातल्या नाट्यगृहात शास्त्रीय गाण्याची बैठक कशी मांडावी

ठाण्याचं गडकरी रंगायतन, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, वाशीचं विष्णुदास भावे ही सगळी मुळात नाटकाची घरं. बसून गाणाऱ्या गवयासाठी तिथे वेगळी मांडणी लागते. तिला अडीच तास हवेत. म्हणून सत्र बुक करतानाच रंगमंच नेमका किती वाजता मोकळा मिळेल, हे विचारून ठेवा. आधीच्या नाटकाचा सेट उतरण्यातच तास निघून जातो.

चौथरा 12 बाय 8 फुटांचा आणि दीड फूट उंच पुरतो. लेव्हल (चौथऱ्याचे लाकडी सुटे भाग) एकमेकींना घट्ट बांधा, वर आधी जाड सतरंजी, मग गादी. पोकळ लेव्हलवर तबलजीची मांडी हलली तरी ढम्म आवाज माइकमध्ये जातो. शक्य तिथे माइकचे स्टँड चौथऱ्यावर नव्हे, खाली रंगमंचावर उभे करा. बैठक पडद्याच्या रेषेजवळ असू द्या. फार मागे गेलात तर विंगा आणि झालरी आवाज खातात.

सहा माइक पुरेत: गायकाला एक, तबला-डग्ग्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्यांना दोन. गायकाचा माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) घ्या, तोंडापासून वीतभर अंतरावर. अशा माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून ठेवा. मॉनिटर बाजूला सरकला की शिट्टी आलीच. मॉनिटरमध्ये तानपुरा भरपूर द्या, तबला थोडा. पेटीचा माइक भात्यापासून दूर, नाहीतर श्वासासारखी फसफस येते.

खालचे सूर कापण्याची सवय इथे घात करते. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा सा) गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, मंद्र पंचम 104 आणि तानपुऱ्याचा खरज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, 69. गायकाच्या चॅनेलवरचा लो-कट (मिक्सरवरची खालचे सूर कापणारी सोय) 80 हर्ट्झच्या वर नेऊ नका. तानपुरा आणि डग्गा यांना तर लावूच नका. खरज गेला की गाण्याखालची जमीनच गेली.

सगळ्यात जास्त बैठका बिघडतात त्या हवेमुळे. एसी प्रेक्षक येण्याआधी दीड तास चालू करा, रंगमंचावरचे दिवेही वाद्यं लावतानाच पूर्ण प्रकाशात असू द्या. गरम दिव्यांखाली तानपुऱ्याची तार सैलावते आणि सूर उतरतो. त्याच कोरड्या उष्णतेत तबल्याची पुडी (कातडं) ताणली जाऊन चढते. थंड, अंधाऱ्या रंगमंचावर जुळवलेली वाद्यं पडदा उघडल्यावर पंधरा मिनिटांत अशी विरुद्ध दिशांना जातात. वाद्यं आणून निदान पाऊण तास त्या हवेत ठेवावीत, मगच लावावीत. एसीचा झोत थेट बैठकीवर येत असेल तर तेवढी जाळी बंद करून घ्या.

घरघर आली तर आधी दिव्यांचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रं) बंद करून पाहा. थांबली, तर दोष तिथेच आहे: ध्वनीला विजेचा वेगळा फेज घ्या, माइकच्या वायरी दिव्यांच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायच्या तर काटकोनात. मिक्सर आणि रंगमंचावरची उपकरणं एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर हवीत.

बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत शब्द दबतात. तिथे लहान स्पीकर लावले तर त्यांना विलंब द्या: मुख्य स्पीकरपासून 17 मीटरवर सुमारे 50 मिलिसेकंद. तो दिला नाही, तर तान दुहेरी ऐकू येते. रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी फसवी असते. माणसं भरली की वरचे सूर शोषले जातात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत ध्वनिसंयोजकाने मागच्या रांगेत फिरून ट्रेबल किंचित वाढवावा.

रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असली, तरी बंद सभागृहाला नियमात सूट आहे. तरी सत्राची वेळ संपते, हे गायकाला मध्यंतरात सांगा. भैरवीला वीस मिनिटं राखून ठेवा.