कॉन्फरन्समधली पीपीटी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत कशी पोचवायची

दापोलीचं कृषी विद्यापीठ, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, इथे जे काम चालतं ते आंबा, काजू, मासे, खाडी यांवरचंच असतं, म्हणजे आपल्या कोकणातलं, दारातलंच. पण ते पहिल्यांदा बोललं जातं ते कुठल्यातरी हॉलमध्ये, इंग्रजीत, दहा-बारा मिनिटांत, दुसऱ्या शास्त्रज्ञांसमोर, आणि मग पीपीटी लॅपटॉपमध्ये पडून राहते. ज्याच्या बागेतली फळं सॅम्पल म्हणून नेली, ज्याच्या होडीतून पाणी तपासलं, त्याला त्यातून काय निघालं हे कोणी सांगतच नाही. मला हे फार खटकतं. म्हणून पेपर वाचून आलेल्या पोरापोरींना त्याच्या पोस्ट, रील बनवायला मी मदत करते, आणि तेच इथे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी परवानगी. टॉक तुमचा असला तरी काम एकट्याचं नसतं, गाइड असतात, को-ऑथर असतात, त्यांना पोस्ट करण्याआधी दाखवा, आणि पेपर अजून छापून आला नसेल तर कुठल्या स्लाइड बाहेर जाऊ द्यायच्या हे त्यांच्याशी बोलून ठरवा. आधी बाहेर आलेलं संशोधन छापायचं नाही असा नियम एका मोठ्या मेडिकल जर्नलच्या संपादकांनी, इंगेलफिंगर यांनी, १९६९ मध्ये घातला होता, आणि त्याच्या जवळपासचे नियम आजही काही जर्नल पाळतात. त्यामुळे ज्या जर्नलला पाठवणार त्याची पॉलिसी आधी वाचा, मग पोस्ट. दुसऱ्याचा टॉक ऐकून पोस्ट करायची असेल तर त्याला सरळ जाऊन विचारा, आणि स्लाइडवर कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण असेल तर फोन खिशातच ठेवा.

आता मुख्य काम. टॉकमध्ये पंधरा स्लाइड असतात, पोस्टमध्ये एकच गोष्ट मावते. पंधराच्या पंधरा स्लाइडचे स्क्रीनशॉट टाकले की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मोबाइलवर ते अक्षर कोणालाही वाचता येत नाही आणि आधी कुठे बघायचं तेही कळत नाही. एक गोष्ट निवडायची कशी, तर क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये थ्री मिनिट थिसिस नावाची स्पर्धा सुरू केली, त्यात अख्खी पीएचडी तीन मिनिटांत आणि एकाच स्लाइडवर सांगायची असते. तुम्ही घरच्या घरी हेच करा. फोनवर टायमर लावून तीन मिनिटं बोला, पण समोर शास्त्रज्ञ नको, काकी नाहीतर मामा बसवा, ज्यांची कलमं आहेत किंवा ज्यांची होडी आहे. ते ज्या वाक्याला मध्येच "थांब, म्हणजे काय?" विचारतात किंवा "असं होय!" म्हणतात, ते वाक्य लिहून ठेवा. बहुतेक वेळा पोस्टची पहिली ओळ तीच निघते.

आणि क्रम उलटा करा. टॉकमध्ये आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग निकाल, आणि त्याचा उपयोग शेवटच्या स्लाइडवर, तोही वेळ संपल्याची घंटा वाजता वाजता. पोस्टमध्ये उपयोग आधी. माइक मॉरिसन नावाच्या संशोधकाने २०१९ मध्ये कॉन्फरन्सच्या पोस्टरची अशीच मांडणी सुचवली, मधोमध मोठ्या अक्षरात साध्या भाषेतलं एक वाक्य आणि बाकीचं सगळं बाजूला लहान. ती मांडणी इन्स्टाच्या पहिल्या फोटोला जशीच्या तशी चालते.

उदाहरण घेऊ. समजा तुमचा टॉक हापूसमधल्या साक्यावर आहे, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो त्यावर. पीपीटीची सुरुवात आंब्याच्या शास्त्रीय नावाने आणि देशातल्या लागवडीच्या आकड्यांनी होते, पण बागायतदाराला त्यात नवीन काहीच नाही. त्याला छळणारी गोष्ट ही की फळ बाहेरून एकदम सुंदर दिसतं, पेटीत भरलं जातं, गिऱ्हाइकाच्या घरी पोचतं आणि कापल्यावर आत साका निघतो. तर पहिली ओळ तिथूनच उचला: "हापूस बाहेरून चांगला, कापल्यावर साका. तोडणीआधी काही करता येतं का?" दुसऱ्या फोटोत तुम्ही काय करून बघितलं, तिसऱ्यात काय निघालं, चौथ्यात हे कुठे आणि किती झाडांवर बघितलं, पाचव्यात अजून काय बघायचं राहिलंय. पाच पुरेत.

तो चौथा आणि पाचवा फोटो काढून टाकायचा मोह होतो, कारण त्यांना लाइक येत नाहीत. काढू नका, प्लीज. एका बागेत, एका हंगामात, वीस झाडांवर केलेलं काम वाचून कोणी आपल्या दोनशे कलमांवर तेच करायला गेला आणि फसला तर वर्षाचं उत्पन्न जातं, आणि पुढच्या वेळी तो कुठल्याच संशोधनावर विश्वास ठेवणार नाही. "प्राथमिक निष्कर्ष" हे शब्द ठळक लिहा, कॅप्शनच्या तळाशी नको, फोटोवरच.

आकडे सांगताना टक्केवारीचा घोळ सांभाळा. "साका ३० टक्क्यांनी कमी झाला" असं लिहिलं की कोणाला वाटतं शंभरातली तीस फळं वाचली. (हे आकडे मी फक्त समजावायला घेतलेत.) त्यापेक्षा लिहा, "आधी १०० फळांत २० ना साका होता, आता १४ ना निघाला". गणित तेच आहे, पण आता वाचणारा मनातल्या मनात आपल्या पेट्यांचा हिशोब लावू शकतो. ग्राफ टाकायचा असेल तर पीपीटीतला उचलून टाकू नका, नवीन काढा, त्यात दोनच बार नाहीतर एकच रेघ ठेवा, आणि रंगांचा अर्थ कोपऱ्यातल्या चौकटीत देण्यापेक्षा रेघेच्या शेजारीच लिहा.

अक्षरांचं थोडं बघावं लागतं. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून इन्स्टावर टाकला की भलतीच चिन्हं येतात, तो युनिकोडमध्ये करून घ्या किंवा सरळ फोनवर पुन्हा टाइप करा. कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये मुक्ता किंवा बालू फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत, जोडाक्षरं नीट दिसतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

रील करायची असेल तर उभी, १०८० बाय १९२०, आणि मिनिटभराची बस झाली. हॉलमधलं रेकॉर्डिंग कापून टाकण्यापेक्षा परत आल्यावर कामाच्या जागेवर जाऊन पुन्हा बोला, बागेत, जेटीवर, खाडीच्या काठाला. फक्त पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, वारा एवढा असतो की नुसत्या फोनच्या माइकवर काही ऐकू येत नाही, तेव्हा कॉलर माइकला फरचं कव्हर लावा किंवा होडीच्या आडोशाला उभं राहा. खाली सबटायटल हवंच, एसटीत बसून आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात.

आता व्हॉट्सअ‍ॅप, कारण आपल्याकडे खरं काम तिथेच होतं. फोटो फॉरवर्ड होतो तेव्हा कॅप्शन मागे राहू शकतं, आणि तोच फोटो दोन वर्षांनी तिसऱ्याच तालुक्यातल्या ग्रुपवर फिरत असतो. म्हणून प्रत्येक फोटोवर, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, संशोधकाचं नाव, संस्था, गाव आणि महिना-वर्ष लिहा. आणि व्हिडिओ लहान करून पाठवा, सगळ्या वाड्यांत रेंज असतेच असं नाही.

लोकांना धरून ठेवायचं तर एक जीव, एक नाव, एक प्रवास द्या. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाने आपल्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांना सॅटेलाइट टॅग लावले, वेळासच्या पहिल्या मादीचं नाव ठेवलं प्रथमा, आंजर्ल्याची सावनी. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. स्थलांतराच्या तक्त्यांनी भरलेला टॉक मोजकेच लोक ऐकतील, पण "बागेश्री आज कुठे आहे" हे चहाच्या टपरीवर पण विचारलं जातं. नकाशा आणि त्यावर पुढे सरकणारी एक रेघ, एवढ्यावर महिनाभराच्या पोस्ट निघतात.

पण नकाशा दाखवताना जपून. समुद्रात फिरणाऱ्या कासवाची रेघ वेगळी आणि पुळणीवरच्या घरट्याची नेमकी जागा वेगळी, ती कधीही टाकू नका, फोटोतलं लोकेशनपण काढून टाका. दुर्मिळ झाडांचं तेच. आणि एखाद्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, तुम्हाला सर्व्हेसाठी त्याची मासे मिळायची जागा विश्वासाने दाखवली असेल तर ती तुमच्या रिझल्टच्या नकाशात असली तरी पोस्टच्या नकाशात यायला नको.

पोस्ट कधी टाकायची हे कॉन्फरन्सच्या तारखेवर ठरवू नका. कॉन्फरन्समध्ये असताना सभागृहातला एक फोटो आणि एक ओळ टाका, बास. खरी पोस्ट हंगाम बघून. मोहोरावरच्या तुडतुड्यांबद्दल काही असेल तर ते मोहोर येण्याआधी लोकांच्या हातात पडायला हवं, मे महिन्यात पेट्या भरताना ते कोण वाचणार. मासेमारीवरचं काही असेल तर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणत माणसं घरी, तेव्हा मोठा व्हिडिओपण शेवटपर्यंत बघतात. कासवांचं, पिल्लं समुद्रात जायला लागतात तेव्हा.

पोस्ट टाकून झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस कमेंट वाचायला वेळ ठेवा. "मग कुठलं औषध मारू, किती मिली?" हा प्रश्न येणारच. कमेंटमध्ये डोस लिहू नका, झाड, वय, हवामान, आधी काय मारलंय हे बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही, त्यांना विद्यापीठाच्या किंवा तालुका कृषी कार्यालयाच्या माणसाकडे पाठवा आणि तिथला नंबर आधीच विचारून ठेवा. कोणी "आमच्याकडे असं होत नाही" म्हणालं तर वाद घालू नका, कुठलं गाव, कातळावरची कलमं की मातीतली, कुठल्या महिन्यात बघितलं, ते विचारा आणि वहीत लिहून गाइडना दाखवा.