ताज्या रंगावर जीपच्या बॉनेटचे हुक बसवताना

आमच्या हिंगणघाटकडच्या गावांत जुन्या महिंद्रा जीपा अजून निघतात. कुठे गोठ्याआड, कुठे पऱ्हाट्यांच्या ढिगामागे उभ्या असतात. आजोबांची गाडी नातवाला पुन्हा रस्त्यावर आणायची असते. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून आलेली पोरं इंजिन उघडायला उड्या मारतात, पण रंगून आलेल्या गाडीला बॉनेटचे हुक बसव म्हटलं की त्यांचा हात कापतो. कापलाच पाहिजे. ज्याचा कापत नाही त्याच्या हाती मी पाना देत नाही.

या जीपचं बॉनेट काचेच्या बाजूला बिजागऱ्यांवर उघडतं आणि दोन्हीकडच्या मडगार्डवरचे स्प्रिंगवाले हुक त्याला खाली ओढून धरतात. महिंद्राने इथे बनवलेलं मॉडेल म्हणजे विलीज या अमेरिकन कंपनीची सीजे-३बी; ती १९५३ मध्ये आली ती उंच इंजिन घेऊन, म्हणून तिचं बॉनेटही उंच. त्या उभ्या, सपाट बाजूवरचा एवढासा ओरखडासुद्धा लांबून दिसतो.

हे काम खरं तर रंगाआधीच करायचं असतं. उघड्या पत्र्यावर बॉनेट ठेवा, खालचे रबर लावा, दोन्हीकडची फट सारखी करा, हुक अडकवून पाहा. रबर न लावता हुकाचा ताण ठरवला तर रबर लावल्यावर बॉनेट वर येतं आणि हुक पोहोचतच नाही. भोकं तेव्हाच पाडायची, जुनी फालतू भोकं तेव्हाच वेल्डिंगने बुजवायची. मग सगळं काढून डावं-उजवं लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायचं. हार्डवेअरच्या दुकानातून नंतर आणलेला बोल्ट जवळपास तसाच असतो, अगदी तसा नसतो.

रंग मारून झाला की गिऱ्हाईक उभं राहतं. ‘भाऊ, परवा साखरपुडा हाये, आजच लावून द्या ना.’ हार्डनर घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, पण आतून कच्चाच असतो. वायसर दाबला की कडेने रंग फुगून वर येतो. मी निदान आठवडाभर थांबतो. साधा इनॅमल असेल तर त्याहून बराच जास्त. शंका असेल तर बॉनेटच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण उमटली तर गाडी झाकून ठेवा आणि गिऱ्हाइकाला चहा पाजा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हातल्या पत्र्यावर पक्का रंगही मऊ पडतो, म्हणून हे काम सकाळी, सावलीत करायचं. जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि धूळ येऊन बसते. ती फडक्याने कोरडी पुसायची नाही, आधी पाण्याने वाहू द्यायची. मडगार्डवर गोधडी टाकायची तर धुतलेली टाका. हातातली अंगठी, कडं, कमरेचा पट्टा काढून ठेवा. त्याच हाताने ब्रेक ऑइलचं काम केलं असेल तर साबणाने धुवा, ते रंग खातं.

आता भोक. रंगाने ते थोडं आवळलेलं असतं. बोल्ट ठोकून घालायचा नाही, कडेचा रंग टवके होऊन उडतो. गोल कानस घ्या आणि ती रंगाच्या बाजूने आत ढकलत चालवा. परत ओढताना उचलून घ्या, नाहीतर रंग सुटून वर येतो. पत्रा उघडा पडला तर बारीक ब्रशने प्रायमर आणि रंग लावून वाळू द्या. नवं भोक पाडायचंच झालं तर टेपचे दोन-तीन थर लावा, मागे लाकूड धरा, ३ मिलिमीटरच्या धारदार बिटाने सुरुवात करा आणि मशीन हळू चालवा. लोखंडाचा कीस हाताने झटकू नका. लोहचुंबकाने टिपा. रात्रभर राहिला तर दवाने गंजतो आणि डाग पडतो.

हुकाखाली आमच्याकडे ट्यूबचा तुकडा घालायची पद्धत आहे. फिक्या रंगावर मला ती पटत नाही, काळं रबर डाग सोडतं. पातळ नायलॉनचा वायसर घाला. सगळे नट आधी हाताने लावा, ढिले ठेवा, हुक अडकवून रेषा जुळवा, मगच आवळा. बाहेर बोल्टचं डोकं स्थिर धरायचं आणि नट आतून फिरवायचा. डोकं फिरलं की त्याखालचा रंग जात्यात सापडल्यासारखा भरडला जातो. रिंग पाना वापरा, त्यालाही टेप गुंडाळा. मास्किंग टेप त्याच दिवशी काढा, उन्हाळ्यात तिचा गोंद चिकटून बसतो.

सगळ्यात जास्त टवके मात्र हुक उघडताना उडतात. स्प्रिंग सुटते आणि हुक मागे मडगार्डवर आपटतो. तो जिथे पडतो तिथे पारदर्शक फिल्मचा तुकडा लावा आणि मालकाला हुक हाताने धरून सोडायला शिकवा.

आठ-दहा दिवसांनी गाडी परत बोलवा. वायसरखालचा रंग दबतो, नट थोडे ढिले होतात. तेव्हाही पाना आतूनच लावायचा, आणि बॉनेट रस्त्यावर खडखडत असेल तर हुक आवळण्याआधी खालचे रबर पाहायचे.