दगड मारणारे की दगड खाणारे?

प्राचीन ग्रीक शिकण्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या इतिहासाचा सहावा खंड वाचत होतो. इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूज शहराजवळ झालेल्या लढाईत पायदळे भिडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे ‘लिथोबोलोइ’, गोफणवाले आणि तिरंदाज पुढे होऊन चकमकी करतात, असे तेथे वर्णन आहे. मी वहीत ‘लिथोबोलोइ’पुढे ‘दगडांचा मार खाल्लेले’ असे लिहून मोकळा झालो. ‘मार खाल्लेली माणसे आघाडीवर कशाला येतील?’ असे विचारत बाईंनी शब्दावरच्या तिरप्या रेघेवर पेन्सिल टेकवली.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘लिथोस’ म्हणजे दगड, आणि ‘बोलोस’ हे पद ‘बाल्लो’, म्हणजे ‘मी फेकतो’, या क्रियापदाच्या धातूपासून झाले आहे. ‘फेकणारा’ या अर्थाने ते एकटे येत नाही. आपल्या ‘ग्रंथकार’मधल्या ‘कार’सारखे ते दुसऱ्या पदाच्या आधारानेच उभे राहते. शाळेत उपपद तत्पुरुष घोकलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. जोडावर दिसणारा ‘ओ’ येथे मूळ शब्दाचाच आहे, पण ‘मेत्रोक्तोनोस’ (मातृघातक) या शब्दात ‘मेत्र्’ व्यंजनान्त असूनही तो मध्ये येऊन बसतो.

खरी मेख उदात्ताची, म्हणजे उंच स्वरात म्हणायच्या अक्षराची आहे, आणि ती तिरपी रेघ तेच अक्षर दाखवते. ‘बो’ उदात्त असेल तर दगड फेकणारा, ‘थो’ उदात्त असेल तर ज्याच्यावर दगड फेकले गेले तो. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ असेल, तर ‘करणारा’ अशा कर्तरी अर्थाच्या समासात उदात्त सहसा शेवटच्या अक्षरावर जातो, जसा ‘स्त्रातेगोस’ (सेनापती) या शब्दात. यज्ञात त्वष्ट्याने ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकवल्यामुळे ‘इंद्राचा संहारक’ असा अर्थ न होता ‘इंद्र ज्याचा संहारक आहे तो’ असा झाला आणि त्या यज्ञातून जन्मलेला वृत्रच मारला गेला, ही कथा मला ठाऊक होती. नियम निराळा असला तरी धोका तोच आहे, हे मात्र वर्षभर सुचले नाही.

थ्युसिडिडीसने स्वतः ही चिन्हे लिहिली नव्हती, ती पुढे अलेक्झांड्रियातील विद्वानांच्या काळात रूढ होऊ लागली, अशी माझी सबब तयार होती. बाईंनी ती ऐकून घेतली आणि शब्दसंग्रहाची वही परत केली. नव्याने ग्रीक घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक शब्द चिन्हासकट उतरवावा आणि मोठ्याने म्हणावा. मला ती वही दिवाळीच्या सुटीत लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून दुरुस्त करावी लागली.