भर उन्हात रस्त्यावरचे फोटो काढायचेत? सावली धरा

आपल्याकडं मे महिन्यात सकाळी नऊलाच असं ऊन पडतं की फोटोत एकतर आभाळ पांढरंफट्ट नाहीतर माणसाचं तोंड काळंकुट्ट, अन् मग लोक म्हणतात मोबाईलच भंगार आहे. तसं नसतंय. संभाजीनगरात भडकल गेटला जा, मलिक अंबरनं 1612 ला बांधलेलं, तिथं कमानीच्या सावलीत कडेला उभं राहून (गाड्या बघून हां) बाहेर उन्हाकडं मोबाईल धरा, उजेडावर बोट दाबून ठेवलं की फोकस अन् एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग उजेड कमी करायला बोट जरा खाली ओढायचं, सावली काळी पडली तर पडू द्या, अन् कुणी सायकलवाला नाहीतर डोक्यावर पाटी घेतलेली मावशी उन्हाच्या पट्ट्यात आली की दाबायचं. माणसांच्या मागं पळू नका, जागा धरून थांबा.

जयपूर, इस्तंबूल, मोरोक्कोतल्या मराकेशच्या बोळीतपण हे चालतं. लंडनमधे ढगाळ असलं तर सोडा, तिथं पावसानंतर ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब शोधा. अन् मराकेशच्या जामा एल फना चौकात साप-माकडवाले फोटोचे पैसे मागतात, भाव आधीच ठरवा, आपल्या मोंढ्यात ठरवतो तसा.