कम्युनिटी कॉलेजमधून मेडिकलला जायचंय? आधी विषयांची वाटणी करा

अमेरिकेतल्या मराठी घरात पोरगं कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं स्वस्तात करून पुढे विद्यापीठात ट्रान्सफर व्हायच्या स्थानिक कॉलेजला, जाणार म्हटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "म्हणजे मेडिकलचं आता विसरायचं." असं म्हणणाऱ्या काका-मावश्यांपैकी एकानेही मेडिकलचा अर्ज कधी उघडून पाहिलेला नसतो. मी याच वाटेने गेले आणि आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून देते. कॉलेजच्या नावामुळे अडलेली मुलं मी फारशी पाहिलेली नाहीत. चुकीचा विषय चुकीच्या जागी घेतल्यामुळे आणि घाईमुळे अडलेली मात्र दरवर्षी भेटतात.

आधी हे बघून घ्या

इथे मेडिकल ही पदवीनंतरची पदवी आहे. नीट देऊन बारावीनंतर थेट प्रवेश असा प्रकार नाही, आणि पदवीचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणताही चालतो. भारतातून एमबीबीएस करून आलेल्यांचा रस्ता यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, यांचा. त्यांनी या लेखात वेळ घालवू नये.

ग्रीन कार्ड नसेल तर मेडिकल स्कूल्सची यादी आत्ताच काढा. अनेक ठिकाणी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. एच-४ वरची, म्हणजे आई-वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेली, मुलं २१ व्या वर्षी त्या व्हिसातून बाहेर पडतात, म्हणजे नेमकी ट्रान्सफरच्या आसपास. हा प्रश्न वकिलाला विचारा, कॉलेजच्या काउन्सेलरला नाही.

दुसरं, हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटमध्ये, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा वर्ग करून, एखादा विषय गंमत म्हणून घेतला असेल तर तो आठवा. ॲमकास, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज, प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, मागतो आणि सगळे ग्रेड एकत्र करून स्वतःचा जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी, काढतो. सोळाव्या वर्षी मिळालेला सी त्यात येतो. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी दोन्ही ग्रेड मोजले जातात.

कोणता विषय कुठे

इथे दोन टोकाचे सल्ले फिरतात. एक म्हणतो, सगळं कम्युनिटी कॉलेजात उरकून घे, युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर पडतात. दुसरा म्हणतो, सायन्सचा एकही विषय तिथे घेऊ नकोस, मेडिकलवाले नाक मुरडतात. दुसरा सल्ला तर पाळताच येत नाही, कारण यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसांत, बायोलॉजीसाठी ट्रान्सफर मागताना पायाचे विषय आधीच झालेले लागतात. आणि पहिला पाळला तर विद्यापीठात जाऊन दाखवणार काय?

माझं मत पक्कं आहे. जनरल केमिस्ट्री, जनरल बायोलॉजी, फिजिक्स, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स हे कम्युनिटी कॉलेजात, लॅबसकट, पूर्ण. बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, फिजिऑलॉजी विद्यापीठात. वरच्या वर्गांत चांगले ग्रेड दिसले की खालचे विषय कुठे केले याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

घोळ होतो तो ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत. बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सेमिस्टरवर चालतात. यूसीमध्ये मात्र बर्कली आणि मर्सेड सोडले तर सगळीकडे क्वार्टर, म्हणजे दहा आठवड्यांची टर्म. सेमिस्टरच्या दोन भागांत शिकवलेलं ऑर्गॅनिक तिकडे वेगळ्या तुकड्यांत वाटलेलं असतं. पहिला भाग इथे करून दुसरा तिकडे घ्यायला गेलात तर काही धडे दोनदा येतात आणि काही एकदाही येत नाहीत. मी ट्रान्सफर केली तेव्हा एका सल्लागाराने सांगितलं होतं, "युनिट्स ट्रान्सफर होतात, काळजी नको." युनिट्स झालेही. पण विभागाच्या लेखी माझी मालिका अर्धवट होती. पुढच्या वर्गात प्राध्यापक "हे तुम्हाला येतंच" म्हणत फळ्यावर जे लिहीत होते, ते मी कधी शिकलेच नव्हते. ती क्वार्टर मी अक्षरशः ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या शंका विचारायच्या वेळेत, बसून काढली.

तेव्हा हे नीट लक्षात ठेवा: युनिट्स ट्रान्सफर होणं वेगळं आणि तो विषय तुमच्या मेजरसाठी मान्य होणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर फक्त असिस्ट डॉट ओआरजीवर मिळतं, म्हणजे कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे मान्य आहे याचे करार ठेवणाऱ्या वेबसाइटवर. तिथे आपलं कॉलेज, जायचं ते कॅम्पस, मेजर आणि वर्ष असं सगळं निवडून करार उघडा. नुसती ट्रान्सफर होणाऱ्या विषयांची यादी बघून थांबू नका. करारात ऑर्गॅनिकची पूर्ण मालिका मान्य दिसत असेल तर दोन्ही भाग कम्युनिटी कॉलेजात संपवा. नसेल तर सगळंच्या सगळं विद्यापीठात घ्या. अर्धं इथे, अर्धं तिथे कधीच नाही. आणि ट्रान्सफरच्या आधीच्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांत ऑर्गॅनिक "काढून टाकायचा" विचार कोणी सुचवला, तर त्याला स्वतः करून बघायला सांगा.

ट्रान्सफरनंतरची पहिली टर्म

यूसीमध्ये गेल्यावर कम्युनिटी कॉलेजचे ग्रेड तिथल्या जीपीएमध्ये धरत नाहीत. पाटी कोरी होते. मुलांना हे वरदान वाटतं, पण पहिल्याच टर्मला दोन सी आले की ते लपायला जागाच नसते. मेडिकल स्कूलला तर वर्षवार जीपीए वेगळा दिसतो. आधी ३.९ आणि विद्यापीठात ३.२ असं दिसलं की वाचणारा एकच अर्थ काढतो: तिथे सोपं होतं, इथे झेपत नाही. दोन वर्षांची मेहनत त्या एका आकड्याने झाकोळते.

म्हणून पहिल्या टर्मला सायन्सचे जास्तीत जास्त दोन विषय, सोबत लेखनाचा किंवा समाजशास्त्राचा एक, आणि फुल-टाइम राहायला लागणारी १२ युनिट्स झाली की बस. ओरिएंटेशनला "मागे पडशील" म्हणून तीन-तीन लॅबचे विषय गळ्यात मारतात. घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म असते, आणि तोवर तुम्हाला लॅबची इमारतही नीट सापडलेली नसते. नोंदणीतही जुन्या विद्यार्थ्यांचा नंबर आधी लागतो, त्यामुळे हवा तो वर्ग भरलेला असण्याची तयारी ठेवा. वेटलिस्टवर नाव टाका, पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा, आणि पर्यायी विषय आधीच हेरून ठेवा.

बायोकेमिस्ट्री मात्र पहिल्या वर्षातच बसवा. एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, ती भरपूर येते. परीक्षेच्या आधी वर्गात शिकून झालेली असणं आणि पुस्तकातून एकट्याने रेटणं, यात फार फरक पडतो.

अर्ज एक वर्ष उशिरा

हा माझा सगळ्यात न आवडणारा सल्ला. ॲमकास मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो आणि प्रवेश त्यानंतरच्या वर्षीच्या उन्हाळ्यात होतो. मध्ये खंड न घेता जायचं तर ज्युनिअर, म्हणजे पदवीचं तिसरं, वर्ष संपताच अर्ज करावा लागतो. चार वर्षं एकाच विद्यापीठात असलेल्याकडे तेव्हा तीन वर्षांचे ग्रेड असतात. तुमच्याकडे विद्यापीठाच्या जेमतेम दोन क्वार्टर, कारण तिसरीचा निकालही लागलेला नसतो. त्यातच एमकॅट आणि तुम्हाला ओळखणारे प्राध्यापक शोधणं. सीनिअर, म्हणजे चौथ्या, वर्षाच्या शेवटी अर्ज करा. आज मेडिकलला जाणारे निम्म्याहून जास्त विद्यार्थी किमान एक वर्ष मध्ये घेतातच. फोनवर आजी "अजून किती शिकायचं?" विचारेल, तिला मी पुढच्या फोनवर समजावते.

लेटर्स

विद्यापीठात तीनशेच्या वर्गात तुमचं नाव प्राध्यापकाला कळणं कठीण. कम्युनिटी कॉलेजात तीसजणांच्या लॅबमध्ये तुमचा बीकर कोणी फोडला हेही बाईंना ठाऊक असतं. जाण्याआधी त्यांच्याकडून शिफारसीचं लेटर लिहून घ्या आणि इंटरफोलिओ या लेटर्स साठवणाऱ्या वेबसाइटवर जमा करा. दोन वर्षांनी मागितलंत तर त्यांना तुमचा चेहरा आठवेल, काम नाही. विद्यापीठातून सायन्सच्या किमान एका प्राध्यापकाचं लेटर मात्र हवंच.

बाकीचं

यूसीचा टॅग, म्हणजे अटी पूर्ण केल्यास ट्रान्सफरची हमी देणारा, करार सप्टेंबरमध्ये भरा. तो सहाच कॅम्पसांसाठी असतो, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

रुग्णांसोबतच्या कामासाठी कम्युनिटी कॉलेजातच ईएमटी (रुग्णवाहिकेतला तातडीचा मदतनीस) किंवा सीएनए (परिचारिकेचा सहाय्यक) यांचं प्रशिक्षण करून ठेवा, पगारही मिळतो.

एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात. सराव परीक्षांत हवा तो आकडा सातत्याने येईपर्यंत तारीख घेऊ नका, कारण दिलेली प्रत्येक परीक्षा नोंदीत राहते.

पैशांचं: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांत वाचलेला पैसा वेगळा ठेवा, नवी गाडी नंतर.

ॲमकासमध्ये विषय भरायला मेच्या सुरुवातीपासूनच बसा. प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून विषय, ग्रेड, युनिट्स जसेच्या तसे भरा, आणि ती क्वार्टरची की सेमिस्टरची हे नीट निवडा. ट्रान्सफरवाल्यांचे अर्ज परत येतात ते बहुधा इथेच. तपासणीला जूनमध्ये रांग लागते आणि परत आलेला अर्ज पुन्हा मागे उभा राहतो.